टचअप केलेला टवका पावसाळ्यानंतर पुन्हा का सुटतो?

बॉनेटच्या पुढच्या कडेवर खडी लागून टवका उडतो. बाटलीतला रंग त्यावर टेकवला की दोन-तीन महिने सगळं ठीक दिसतं. मग दसऱ्याला गाडी धुताना तोच ठिपका नखाला लागून निघतो आणि खाली तांबूस डाग दिसतो. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात ही तक्रार दरवर्षी येते आणि दोष बहुतेक वेळा रंगाच्या बाटलीवर जातो. खरा दोष रंगाच्या खाली असतो. उरलेला गंज, अडकलेली ओल, पॉलिशचा तेलकटपणा किंवा आधीच सैल झालेली कड यांच्यावर रंग चढवला, तर कितीही महागाचा रंग टिकणार नाही.

मुळात होतं काय

बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर कारखान्यात चार थर चढतात. गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने बसवलेला ई-कोट सगळ्यात खाली असतो. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं, म्हणजे छपाईच्या एका कागदाएवढी जाडी. गंजापासून राखण्याचं मुख्य काम ई-कोट करतो. रंग आणि क्लिअर त्याला ऊन-पावसापासून सांभाळतात. खडीने ई-कोट फुटला की पत्रा उघडा पडतो आणि बाटलीतल्या रंगात ई-कोटची जागा भरून काढण्याची ताकद नसते. म्हणून उघड्या पत्र्यावर थेट रंग लावायचा नाही, मध्ये प्रायमर हवाच.

दुसरी गोष्ट गंजाची. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि ओल धरून ठेवतो. ठिपक्याखाली गंजाचा कण राहिला असेल तर तो पसरताना वरच्या रंगाला खालून ढकलतो. जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात आठवडाभर झड लागते आणि गाडी नीट वाळतच नाही. तिथे हे काम एका मोसमात होतं. अथणी-रायबागकडच्या कोरड्या हवेत तेच हळूहळू होतं, म्हणून तिकडे टचअप जास्त टिकला असं वाटतं. चोर्ला घाटातून वरचेवर गोव्याला जाणाऱ्या गाड्यांवर समुद्रकाठच्या खारट हवेचा परिणाम आणखी होतो. मीठ ओल धरतं आणि गंज वेगाने वाढतो.

आधी खोली बघा

टवका पाण्याने ओला करा. ओला असताना दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पांढुरका दिसला, तर फक्त क्लिअरला ओरखडा आहे. इथे रंग लावूच नका, बारीक कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टने, काम भागतं. पाण्याने फरक पडला नाही तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. करडा किंवा पांढरट तळ दिसला तर प्रायमर अजून शाबूत आहे. बहुतेक गाड्यांत गडद राखाडी किंवा काळसर तळ म्हणजे ई-कोट. चकचकीत दिसलं तर पत्रा उघडा आहे. तपकिरी असेल तर गंज सुरू झालाय.

कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक जवळ नेऊन बघा. बंपरला ते चिकटणार नाही, कारण बंपर प्लास्टिकचा असतो. त्याला गंजाची भीती नाही, पण उघड्या प्लास्टिकवर रंग धरण्यासाठी प्लास्टिक प्रायमर, म्हणजे अ‍ॅढिजन प्रमोटर, लागतो. बंपरवरचे टचअप सोलपटासारखे निघतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. काही गाड्यांचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिथे तांबडा गंज येत नाही, पण रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि तीही घासून काढावी लागते.

दिवस कोणता धरायचा

जून ते सप्टेंबर हे काम करू नका. मधेच टवका उडाला तर जागा पुसून हेअर ड्रायरने कोमट वाळवा, त्यावर गाडीच्या मेणाचा ठिपका लावा आणि दर धुण्यानंतर पुन्हा लावत राहा. पक्कं काम पाऊस संपल्यावर. चिकटपट्टी लावू नका, तिच्या कडेने पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. घरातली नेलपॉलिशही नको. ती कडक होऊन तडकते आणि पुढे काढताना त्रास देते.

दिवाळीनंतरचे दिवस चांगले, पण सकाळी घाई नको. बेळगावच्या थंडीत बॉनेटवर दव असतं आणि वरून कोरडा दिसणारा पत्राही गार असतो. अकरा ते चार ही वेळ धरा. गाडी सावलीत असावी आणि पत्रा हाताला ना गार, ना गरम लागावा. उन्हात तापलेल्या बॉनेटवर रंगाची वरची साय लगेच धरते, आतलं थिनर अडकतं आणि नंतर ठिपका खचतो. उसाचा गळीत हंगामही याच सुमारास सुरू होतो, रस्ते धुळीचे होतात. त्यामुळे रस्त्याला लागून असलेल्या अंगणापेक्षा मागच्या बाजूची शेड बरी.

काय लागेल

रंगाचा कोड आधी शोधा. तो दरवाजाच्या खांबावर किंवा इंजिनच्या खोलीतल्या पट्टीवर असतो. मारुतीचा सुपीरियर व्हाइट म्हणजे २६यू, सिल्की सिल्व्हर म्हणजे झेड२एस. दुकानात नुसतं ‘पांढरा द्या’ म्हटलं तर मिळेल तो पांढरा तुमचा नसेल. कंपनीची टचअपची छोटी बाटली मिळाली तर उत्तम. नाहीतर बेळगाव किंवा कोल्हापूरच्या कलर मिक्सिंगच्या दुकानातून कोडवरून ५० मिली बेस बनवून घ्या. गाडी जुनी असेल, विशेषतः लाल रंगाची, तर गाडीच घेऊन जा. ऊन खाल्लेला लाल कोडशी जुळत नाही.

बाकी सामान साधं आहे: प्रायमरची छोटी बाटली, क्लिअर लॅकर, थिनर, ३२०, २००० आणि ३००० नंबरचे पाणीपेपर, लाकडी टूथपिक, चित्रकलेचा शून्य-शून्य नंबरचा ब्रश, मास्किंग टेप, मायक्रोफायबर कापड, बारीक कंपाउंड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुसायला पेट्रोल नको, त्याचा तेलकट अंश मागे राहतो. घरात उरलेला सॅनिटायझरही नको. त्यातल्या ग्लिसरीनचा पातळ थर पत्र्यावर राहतो आणि रंग त्यावरून सरकतो.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

शाम्पूने गाडी धुवा, जागा वाळवा, मग अर्धं पाणी आणि अर्धं अल्कोहोल यांच्या मिश्रणाने टवका आणि भोवतीचा दोन इंचांचा भाग पुसा. डॅशबोर्ड किंवा टायर चमकवायच्या फवाऱ्यात सिलिकॉन असतं. त्याचा शिंतोडा बॉनेटवर असेल तर रंग डोळ्यांसारख्या गोल खड्ड्यांत फाकतो. म्हणून एका कापडाने ओलं पुसा आणि दुसऱ्या स्वच्छ कापडाने लगेच कोरडं करा. एकच कापड फिरवत राहिलं तर तेल फक्त पसरतं.

आता कड तपासा. टवक्याभोवतीचा रंग बाहेरून शाबूत दिसला तरी खालून सुटलेला असू शकतो. टूथपिकचं टोक कडेखाली हलकेच घालून बघा. उचललं गेलं की तेवढा पोपडा काढून टाका आणि रंग घट्ट धरलेला आहे तिथपर्यंत जा. ठिपका एक मिलिमीटरचा तीन मिलिमीटर झाला तरी चालेल. सुटलेली कड ठेवून वर रंग भरणं हेच पुढच्या पावसाळ्यात निघण्याचं पहिलं कारण आहे. शेवटी मास्किंग टेप चिकटवून झटकन ओढा. टेपला काही चिकटून आलं तर काम अजून बाकी आहे.

गंज असेल तर ३२० नंबर पेपरचा वाटाण्याएवढा तुकडा पेन्सिलच्या मागच्या रबरावर चिकटवा आणि पेन्सिल बोटांत फिरवून फक्त टवक्याच्या आत घासा. भोवतीच्या क्लिअरला ओरखडे नकोत, म्हणून कडेला टेप लावून घ्या. सगळं चकचकीत झालं तर पुढे चला. बारीक छिद्रांत काळे ठिपके उरले तरच रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा स्थिर काळा थर बनवणारं आम्लयुक्त द्रव, वापरा. तो टूथपिकच्या टोकावर थेंबभर घ्या आणि डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. गंज काळा झाला की उरलेलं आम्ल ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळवा. फॉस्फरिक आम्लाचा अंश राहिला आणि वर इपॉक्सी प्रायमर आला तर प्रायमर धरत नाही. म्हणून चकचकीत पत्र्यावर ‘खबरदारी म्हणून’ कन्व्हर्टर लावण्यात फायदा नाही, उलट नुकसान आहे. हातमोजे घाला आणि डोळे जपा.

घासलेल्या उघड्या पत्र्याला बोट लावू नका. दमट हवेत काही तासांतच त्यावर पिवळसर झाक येते. घासणं आणि प्रायमर एकाच बैठकीत उरका.

प्रायमर, रंग, क्लिअर

प्रायमर फक्त उघड्या पत्र्यावर, टूथपिकने, अगदी पातळ. खड्डा प्रायमरनेच भरला तर रंगाला आणि क्लिअरला जागा राहत नाही आणि ठिपका फुगीर होतो. थंडीच्या दिवसांत रात्रभर वाळू द्या.

रंगाची बाटली दोन-तीन मिनिटं हलवा. मेटॅलिक रंगातले चकाकते कण तळाशी बसलेले असतात, ते वर आले नाहीत तर रंग गडद आणि मातकट दिसतो. झाकणाचा ब्रश टवक्यासाठी जाड असतो, तो वापरू नका. झाकणात रंगाचे दहा थेंब घेऊन त्यात एक-दोन थेंब थिनर घाला. टूथपिकचं टोक बुडवा आणि टवक्याच्या मधोमध टेकवा. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. कडेवरून ओढायला जाल तर तो बाहेर सांडतो. पहिल्या हाताला खड्डा अर्धाही भरलेला दिसणार नाही, आणि तसंच हवं. २० ते ३० मिनिटांच्या अंतराने तीन-चार हात द्या. शेवटी रंग भोवतालच्या पातळीपेक्षा किंचित खालीच राहिला पाहिजे, कारण वर क्लिअर यायचा आहे.

क्लिअर सगळ्या गाड्यांवर असतोच असं नाही. काही जुन्या साध्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांना एकाच थराचा रंग असतो. पांढऱ्या कापडावर कंपाउंड घेऊन कोपऱ्यात हलकेच घासा. लाल गाडीचं कापड लाल झालं तर वर क्लिअर नाही आणि तुम्हालाही तो लावायची गरज नाही. पांढऱ्या गाडीला हेच गडद कापडावर बघावं लागतं.

टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, खूप टिकाऊ असतो. पण हार्डनरमधलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे आणि साधा कापडी मास्क ते अडवत नाही. दोन-चार ठिपक्यांसाठी घरी वन-के, म्हणजे हार्डनर न लागणारा, लॅकर पुरे. तो वाळताना बसतो, म्हणून दोन-तीन हात देऊन किंचित वर ठेवा. थिनर आणि लॅकर दोन्ही पेट घेतात. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत हे काम करू नका. भिजलेली कापडं उघड्यावर वाळवूनच टाका.

पातळी आणणं

इथे घाई केली की केलेलं काम पुसलं जातं. लॅकर वरून एका दिवसात कोरडा वाटतो, पण आतून मऊ असतो. पाच ते सात दिवस थांबा. मग खोडरबराचा सेंटिमीटरभर चौकोनी तुकडा कापून त्याला २००० चा पेपर लावा आणि साबणाच्या पाण्यात भिजवून फक्त उंचवट्यावर फिरवा. पाणी गाळून घ्या. बोअरच्या पाण्यातला वाळूचा एक कण संपूर्ण बॉनेटवर ओरखडा ओढू शकतो. दर आठ-दहा फेऱ्यांनी पुसून तिरक्या उजेडात बघा. ठिपक्याचा माथा मॅट आणि भोवतालचा भाग चकचकीत असेल तर अजून उंचवटा आहे. दोन्ही सारखे मॅट झाले की लगेच थांबा. कारखान्यातला क्लिअर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो. तो घासून गेला तर टवक्याऐवजी तळहाताएवढा डाग पदरी पडतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही. नंतर ३००० चा पेपर, मग कंपाउंड हाताने. मशिनचा पॅड ताजा ठिपका उपटून काढतो. मेण महिनाभर लावू नका, थिनर उडायला वाट हवी.

पुष्कळ जण पातळी आणण्याच्या भानगडीत न पडता ठिपका थोडा फुगीर ठेवतात. गंजाच्या दृष्टीने त्यात काहीच वाईट नाही. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला तेच शहाणपणाचं आहे.

बिघडलं तर कशावरून ओळखायचं

ठिपका दुधाळ झाला तर हवा दमट होती. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. कोरड्या दिवशी कोमट हवा देऊन बघा. गेला नाही तर थिनरने पुसून नव्याने लावा.

रंग सुरकुतला किंवा उकळल्यासारखा उचलला गेला तर खालचा थर वाळायच्या आत वरच्या थिनरने त्याला मऊ केलं. सगळं काढा, पूर्ण वाळू द्या आणि पुन्हा लावा. जाड थेंब पडून गुठळी झाली असेल तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत जुन्या एटीएम कार्डावर ताणून गुंडाळलेलं कापड थिनरने जेमतेम दमट करा आणि एकाच दिशेने वरून सरकवा. खड्ड्यातला रंग आत राहतो, वरचा निघतो. नुसत्या बोटावर कापड घेतलं तर बोट खड्ड्यात दबतं आणि सगळंच निघतं. आधी गॅरेजमध्ये रंगवलेल्या भागावर थिनर वापरण्यापूर्वी कोपऱ्यात तपासा, काही वेळा तो रंगच विरघळतो.

मेटॅलिक ठिपका समोरून जुळतो आणि बाजूने गडद दिसतो, याला इलाज नाही. स्प्रेमध्ये कण आडवे बसतात, काडीने लावताना ते वाट्टेल तसे बसतात. पर्ल पांढऱ्यात तर खाली एक आणि वर दुसरा असे दोन रंग असतात, एका बाटलीत तो पूर्ण जुळणार नाही. इथे गंज रोखला गेला एवढ्यावर समाधान माना.

ठिपक्याभोवती आठवड्याभरात बारीक फोड आले तर गंज तुम्ही साफ केलेल्या हद्दीपलीकडे रंगाखाली गेलेला आहे. वरून आणखी रंग लावू नका. फोड फोडून पुन्हा घट्ट कडेपर्यंत जा. उघडा भाग चार-पाच मिलिमीटरच्या पुढे गेला तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाणं बरं.

ठिपका पुन्हा येतोच, पण खडी लागलेलीच नाही

दरवाजाची खालची कड, चाकावरची कमान आणि सिल, म्हणजे दरवाजाखालचा पत्र्याचा पट्टा, इथला गंज बहुतेक वेळा आतून येतो. खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती चिखल होऊन दरवाजाच्या खालच्या निचऱ्याच्या भोकांत बसते आणि पत्र्याच्या आत पाणी साचतं. चाकाच्या कमानीत आतल्या प्लास्टिकच्या अस्तरामागेही हाच थर जमतो. अशा जागी बाहेरून कितीही टचअप केला तरी फोड येणारच. पावसाळा संपताच मऊ प्लास्टिकच्या काडीने भोकं मोकळी करा, तारेने नाही, कारण तार आतला रंग खरवडते. अस्तरामागून पाण्याची धार सोडा, दरवाजे उघडे ठेवून वाळवा. पाणी निघताना सोबत गंजाचे पापुद्रे आले तर आतून उपचार करावा लागेल आणि ते गॅरेजचं काम आहे.

खडीच्या टवक्यांचं मूळ अंतरात आहे. निपाणी–संकेश्वर–हत्तरगी रस्त्यावर खडीच्या डंपरमागे किंवा उसाच्या ट्रॉलीमागे चिकटून चालवली की बॉनेटची कड आणि काचेखालचा भाग हमखास मार खातो. मागे चार गाड्यांचं अंतर ठेवा. घाटात नुकती खडी टाकलेला भाग दिसला तर वेग कमी करा, समोरच्यापेक्षा तुमच्याच वेगामुळे दगड जोरात लागतो. बॉनेटच्या पुढच्या सहा-आठ इंचांवर आणि चाकामागच्या सिलवर पीपीएफ फिल्मची, म्हणजे रंग जपणाऱ्या पारदर्शक फिल्मची, पट्टी लावून घेतली तर खर्च आटोक्यात राहतो. पूर्ण गाडीला लावायची गरज नाही. फिल्म लावण्याआधी जुने टवके भरून घ्या, नाहीतर गंज फिल्मखाली वाढत राहील.

अशा टवक्यांसाठी विम्याचा दावा करू नका. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, दावा नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि सलग पाच वर्षं दावा नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो. दोन ठिपक्यांसाठी तो घालवणं परवडत नाही.

उरलेल्या रंगाच्या बाटलीचं तोंड थिनरच्या कापडाने पुसून झाकण घट्ट लावा, नाहीतर पुढच्या वेळी झाकणच निघत नाही. बाटलीवर रंगाचा कोड आणि उघडल्याची तारीख लिहा आणि बाटली गाडीत न ठेवता घरात सावलीत ठेवा. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीतला रंग घट्ट होतो.